एका खोलीत झगझगाट, दुसरीत मिणमिण. आता निम्मं घर बंद

वरचा_मजला
काल रात्री बाहेरच्या खोलीतला जुना पिवळा बल्ब एकदम पांढराफटक पेटला. पंखा घोंघावायला लागला. मी मेन स्विचकडे धावले, पण खुर्ची ओढून वर हात पोचेपर्यंत वीसेक सेकंद गेली असतील. तेवढ्यात वॉशिंग मशीनमधून ‘फट्’ असा आवाज आला. पाच मिनिटांनी मेन परत लावला तर सगळे दिवे नेहमीसारखे! उगाच घाबरतेस, असं घरातल्यांचं मत.

सकाळची हजेरी अशी. टीव्ही मेलाय, स्टँडबायचा लाल ठिपकासुद्धा नाही. वॉशिंग मशीन मेलंय, मागे नाक नेलं तर जळकट वास. राउटर बंद. गिझर, इस्त्री, पंखा ठणठणीत. फ्रिज रात्री ‘घुं’ करून ‘टक्’ करायचा आणि गप्प व्हायचा, आता चालतोय. टीव्हीच्या स्पाइक गार्डचा छोटा दिवा विझलाय, पण त्यातून वीज येते, टेबललॅम्प लावून बघितला.

कनेक्शन तीन फेजचं आहे, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा घरात येतात. एकही एमसीबी (आपोआप वीज तोडणारा स्विच) पडली नाही. आणि हो, संबंध असेल-नसेल, पण बाहेर झगझगाट होता तेव्हा स्वयंपाकघरातला बल्ब मेणबत्तीसारखा मिणमिणत होता.

मशीनचा नवा सर्किट बोर्ड मागवू का?

निवांत
एमसीबी पडली नाही म्हणजे तीच खराब, आधी ती बदला. टीव्हीचा फ्यूज उडाला असेल. माझ्या मित्राने फ्यूजवर तार गुंडाळली होती, मस्त चालला.

सोल्डरकाका
निवांतराव, किती दिवस चालला तेही विचारा मित्राला. एमसीबी प्रवाह वाढला की पडते. व्होल्टेज 350 झालं तरी तिला पत्ता नसतो.

ताई, बोर्ड मागवू नका. ‘संबंध असेल-नसेल’ म्हणून जे शेवटी लिहिलंत तेच खरं दुखणं आहे. वरून नुसतं व्होल्टेज वाढलं असतं तर घरभर दिवे प्रखर झाले असते. एकीकडे झगझगाट आणि दुसरीकडे मिणमिण म्हणजे न्यूट्रल (वीज परत नेणारी सामाईक तार) सुटला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये 400. न्यूट्रल निघाला की ते 400 दोन्ही फेजवरच्या खोल्यांतल्या उपकरणांत वाटले जातात, आणि जिकडे कमी उपकरणं चालू तिकडे जास्त व्होल्ट जातात. तुमची बाहेरची खोली भाजली, स्वयंपाकघर उपाशी राहिलं. फ्रिजचं घुं-टक् त्यातलंच. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर उचलत नाही, तापतो, मग ओव्हरलोड (तापल्यावर वीज तोडणारा भाग) त्याला तोडतो. त्या वेळी प्लग काढायला हवा होता.

आता दिवे नीट आहेत म्हणजे तो न्यूट्रल कुठेतरी टेकलाय. परत सुटेल. टीव्ही, मशीन, राउटर, फ्रिज सगळ्यांचे प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. मेन स्विचचा न्यूट्रलचा स्क्रू आधी बघायला सांगा. मग मल्टिमीटरने तिन्ही फेजवर न्यूट्रलशी व्होल्टेज मोजायचं आणि मोजतानाच गिझर लावायचा. एक फेज खाली आणि बाकीचे वर गेले तर न्यूट्रल अजून सैल. मीटरच्या अलीकडे दोष मिळाला नाही तर वीज कंपनीला कळवा, सील आपण तोडायचं नाही.

स्पाइक गार्डचं म्हणाल तर त्यातला व्हेरिस्टर (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा भाग) गेला. वीज येते ती नुसत्या तारेतून, संरक्षण शून्य. फेकून द्या.

वरचा_मजला
काका, वायरमन येऊन गेला. मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू काळा पडलेला, तारेवरचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं. तार मागे कापून नवीन टोक बसवलं. गिझर लावून तिन्ही फेज मोजले, 228 ते 234. घरातले आता गप्प आहेत :)

फ्रिज लावला, चालतोय. राउटरला दुसरा 12 व्होल्टचा अडॅप्टर लावला तर तोही उठला. मशीन उघडू का? सोल्डरिंग शाळेत केलंय.

सोल्डरकाका
उघडा, पण प्लग काढून दहा मिनिटांनी. बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट साठतात. हात लावण्याआधी त्यावर मीटर धरून शून्य आलंय ना बघा. (मायक्रोवेव्ह असेल तर तो उघडायचाच नाही, त्यातला कपॅसिटर 2000 व्होल्टचा असतो.)

वीज जिथे बोर्डवर येते तिथे काचेचा फ्यूज आणि शेजारी गोळीसारखी निळी चकती दिसेल. तोच व्हेरिस्टर. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. क्षणभराचा झटका तो पचवतो, तुमच्याकडे वीस सेकंद चाललं म्हणून फुटला. चकती तडकलेली, फ्यूजची काच काळी आणि बाकी बोर्ड स्वच्छ असेल तर दोन्ही बदला. फ्यूज त्याच अँपिअरचा, चकतीवर जो नंबर (बहुधा 14डी471) तोच. पहिल्यांदा लावताना 100 वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, म्हणजे वीज आधी बल्बमधून आणि मग मशीनमध्ये जाईल असा. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, तिथे थांबा.

निवांत
मित्राला विचारलं. तीन आठवडे चालला. मग धूर.

वरचा_मजला
चकतीचे दोन तुकडे झालेले, फ्यूज काळाकुट्ट. दोन्ही बदलले. सिरीजचा बल्ब एकदा भक्क झाला, मग मंदावला आणि मशीनने टुंइंग केलं. आत्ता चादरी धुतल्या जातायत.

टीव्हीचा मोठा कपॅसिटर मात्र टोपीसारखा फुगलाय, खाली चिकट पाणी. त्याचा फोटो उद्या टाकते.