गल्लीत चोऱ्या होतायत, गस्त सुरू करावी का?

प्रश्न : रात्री दुचाकी चोरीला जातायत. लोक घाबरलेत. आळीपाळीने गस्त घालावी म्हणतोय. कुणाचा अनुभव?

उत्तर : गस्तीला माणसं लवकर कंटाळतात, हे मी पाहिलंय. आधी दिवे लावून घ्या, दादा! २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत जास्तीचे दिवे लावले, तेव्हा रात्री घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. आणि शेजाऱ्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा.

उत्तर : पडीक जागाही साफ करा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात अशा जागांवर गवत-झाडं लावल्यावर गरीब वस्त्यांतला गोळीबार कमी झाला. गस्त घातलीच, तर काठ्या नकोत. पोलिसांना आधी कळवा. अनोळखी पोराला चोर समजून मारहाण व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्नकर्ता : बंद दिव्यांची यादी उद्याच करतो.