जीसी आहे म्हणून सिग्नल हँडलरमध्ये काहीही करायचं का?

गोदाकाठचा_सीवाला
काल कॉलेजरोडकरने पोस्ट टाकली: "गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेत सिग्नलची भीती म्हणजे सीवाल्यांचं सोवळं. मेमरी रनटाइम बघतो. सिगटर्म आला की हँडलरमध्ये काहीही करा, डेटाबेस बंद करा, लॉग लिहा, बिनधास्त." खाली सगळे लाइकचे अंगठे देऊन मोकळे. (नवख्यांसाठी: सिग्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने चालत्या प्रोग्रामला दिलेली हाक, सिगटर्म म्हणजे 'आवरून बंद हो' ही हाक, हँडलर म्हणजे हाक आली की चालणारं फंक्शन, रनटाइम म्हणजे प्रोग्रामसोबत चालणारी भाषेची यंत्रणा, आणि जीसी म्हणजे तिच्यातला गार्बेज कलेक्टर, नको असलेली मेमरी मोकळी करणारा.) मला रात्री झोप नाही लागली म्हणून लिहितोय, लांब होईल, कंटाळा आला तर पुढे जा.

अरे बाबा, सिग्नल तुझी ओळ संपायची वाट बघत नाही, दोन मशीन इन्स्ट्रक्शनच्या मधे टपकतो. सी भाषेत मॅलॉकने (मेमरी मिळवून देणारं फंक्शन) लॉक धरलंय, तेवढ्यात हँडलर घुसला, त्याने प्रिंटएफने काही छापलं, प्रिंटएफला मॅलॉक लागलं, आता तोच थ्रेड स्वतःच्याच लॉकची वाट बघत बसलाय, जन्मभर. जीसी आला की हे कमी होतं? उलट वाढतं. कलेक्टरने ऑब्जेक्ट उचलून दुसरीकडे ठेवलाय, जुना पत्ता अजून रजिस्टरमध्ये पडलाय, नव्याला जागा दिलीय पण हेडर भरायचंय, आणि तू तिथे हीपमध्ये, म्हणजे ही ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीत, हात घालणार?

म्हणूनच रनटाइम तुझा कोड तिथे चालूच देत नाही. जावाची व्हीएम खऱ्या हँडलरमध्ये फक्त नोंद करते आणि सेमाफोर (थ्रेडला जागं करणारी घंटा) वाजवते, पुढचं 'सिग्नल डिस्पॅचर' थ्रेड बघतो. गो एक बिट लावतं, वेगळी गोरूटीन (गोचा हलका थ्रेड) तो उचलून तुझ्या चॅनेलवर (गोरूटीनमधली निरोपाची नळी) टाकते. पायथॉन फ्लॅग लावतं आणि मेन थ्रेडमध्ये दोन बाइटकोडच्या (पायथॉनच्या आतल्या सूचना) मधे तुझं फंक्शन बोलावतं. तू बिनधास्त आहेस कारण तुझ्या वाटचं सोवळं दुसऱ्या कोणीतरी पाळलंय.

कॉलेजरोडकर
काका, एवढं लिहून तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत 😄 रनटाइम बघतो. मी हेच म्हणालो. मी जेवायला बसलो की गॅसच्या पाइपलाइनचा नकाशा मागत नाही.

गोदाकाठचा_सीवाला
काका म्हणू नकोस, ४३चा आहे. आणि तू "हँडलरमध्ये काहीही करा" म्हणालास. तुझं फंक्शन हँडलरमध्ये चालतच नाही, मग "हँडलरमध्ये" काय करायचं ते कशाला शिकवतोस पोरांना? उद्या ते सीमध्ये तेच करणार. ओपनएसएसएचचं (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) जुलै 2024 चं प्रकरण आठवतंय ना? सिगअलार्मच्या (वेळ संपल्याचा सिग्नल) हँडलरमधून सिसलॉग (लॉग लिहिणारं फंक्शन), त्यातून मॅलॉक, आणि लॉगिनच्या आधीच रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळायची वाट मोकळी. 2006 मध्ये बुजवलेलं भोक होतं ते, परत उघडलं.

कॉलेजरोडकर
त्यात जीसी कुठे आहे?

गोदाकाठचा_सीवाला
नाहीये. मुद्दा सवयीचा आहे.

कॉलेजरोडकर
बरं. म्हणजे पुरावा दुसऱ्याच गावचा.

पायथॉनपंत
दोघंही थोडं थांबा. "दोन बाइटकोडच्या मधे" म्हणजे सेफ नव्हे हो. माझं स्वतःचं सांगतो. लासलगावच्या कांद्याचे लिलावभाव गोळा करणारी एक छोटी सर्व्हिस चालवायचो, सिगटर्म आला की हँडलर साध्या क्यूमध्ये (निरोपांची रांग) 'थांबा' असा निरोप टाकायचा. दहा वेळा नीट बंद व्हायची, अकराव्यांदा गप्प. कारण मेन थ्रेड स्वतःच क्यूमध्ये भाव टाकत होता, लॉक त्याच्याच हातात, आणि मधेच हँडलर येऊन त्याच लॉकवर बसला. हीप एकदम धडधाकट, प्रोग्राम मात्र मेलेला.

आणि याहून भारी म्हणजे सिग्नल काढून टाकला तरी तेच झालं! ऑब्जेक्टच्या __डेल__मध्ये (ऑब्जेक्ट मरताना चालणारं फंक्शन, म्हणजेच फायनलायझर) तीच क्यू वापरलेली, जीसी मधेच चालला, त्याने __डेल__ बोलावलं, परत तेच लॉक. म्हणजे फायनलायझर हा जीसीने पाठवलेला सिग्नलच समजा. कलेक्टरवाले संशोधक बोहम यांचा 2003 चा पेपर याच्यावरच आहे, फायनलायझर त्याच थ्रेडमध्ये मधेच चालवू नका म्हणून. पायथॉनने 3.7 मध्ये सिंपलक्यू आणली ती ह्याचसाठी, तिच्या पुटमध्ये (निरोप टाकायचं फंक्शन) परत शिरलं तरी चालतं.

कॉलेजरोडकर
हा पॉइंट मान्य. पण तो पायथॉनचा प्रॉब्लेम आहे, मी गो लिहितो.

दुतोंड्या
गोदेला पूर आला की आपल्या नाशिकचा, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती काय करतो? पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, एवढंच दाखवतो. भांडीबाजारातली दुकानं हलवायला तो उतरत नाही. हँडलर तसा असावा. बाकीचे तुमचं तुम्ही बघा.

अंबड_नाईटशिफ्ट
उपमा भारी आहे पण आमच्याकडे मारुतीच खोटं सांगायला लागला होता 😂 ऐका.

अंबडला एका कारखान्यात मशीनचा डेटा गोळा करणारा प्रोग्राम होता, सीमध्ये, आत एक स्क्रिप्टिंग भाषा बसवलेली आणि तिच्या पोटात बोहम कलेक्टर, म्हणजे सीसाठीचा जीसी. आम्ही हुशारी केली, लाइट गेली की यूपीएसवाली स्क्रिप्ट आमच्या प्रोग्रामला सिगपॉवर मारेल, नावच तसं आहे ना, पॉवर फेल. हँडलरमध्ये फक्त एक फ्लॅग. अगदी सोवळ्यातला हँडलर, सीवाले साहेब पण पास करतील.

दोन दिवसांनी ऑपरेटर वर आला, "साहेब स्क्रीन म्हणते वीज गेली." डोक्यावर ट्यूबलाइट चालू, स्पिंडल फिरतोय, कूलंट उडतंय, आणि स्क्रीनवर लाल पट्टी, मेन्स फेल. वर प्रोग्राम अडकलेला. तीन रात्री गेल्या. शेवटी कळलं की बोहम कलेक्टर लिनक्सवर बाकीचे थ्रेड थांबवायला सिगपॉवरच वापरतो, आणि परत सोडायला सिगएक्ससीपीयू. आमचा हँडलर त्याच्यानंतर लागला म्हणून त्याचा पुसला गेला. कलेक्टर म्हणतोय थांबा, आमचा थ्रेड ऐकतोय लाइट गेली, आणि 'थांबलो' असं उत्तर येत नाही म्हणून कलेक्टर बसलाय वाट बघत.

सातपूर_ब्लॉक
मुळात यूपीएससाठी प्रोग्रामला सिगपॉवर कोण मारतं? ते इनिटसाठी (मशीन चालू होताच सुरू होणारा पहिला प्रोग्राम) होतं पूर्वी. सरळ एक फाइल लिहायची, संपलं.

अंबड_नाईटशिफ्ट
तुम्ही तेव्हा कुठे होता सर, बोलावलं असतं.

सातपूर_ब्लॉक
चिडू नका. बॅटऱ्या किती जुन्या होत्या? माझा अनुभव आहे, आपल्याकडे पहिला पाऊस पडला की लाइट तीन वेळा जाते-येते आणि यूपीएस दर वेळी 'फेल' ओरडतो. सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी बॅटरी बदला.

अंबड_नाईटशिफ्ट
बॅटरीचा काय संबंध?? लाइट गेलीच नव्हती, तेच तर सांगतोय.

सातपूर_ब्लॉक
पण गेली असती तर? बॅकअप किती मिनिटं?

अंबड_नाईटशिफ्ट
कागदावर २०. खरी ४. परचेसला तीनदा लिहिलं, उत्तर काय तर "जनरेटर आहे ना". जनरेटर उचलायला लागतं मिनिटभर आणि त्या मिनिटात कंट्रोलर रीसेट, जॉब स्क्रॅप, आणि वर विचारतात नाईटचं रिजेक्शन का वाढलं.

पायथॉनपंत
आमच्या सोसायटीतही हेच, लिफ्टचा इन्व्हर्टर फक्त एजीएमच्या दिवशी चालतो.

सातपूर_ब्लॉक
बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण टाकतं? कोणीच नाही. मग रडतात.

दुतोंड्या
पाणी कुठवर आलं ते मी सांगू का? धागा बुडाला.

गोदाकाठचा_सीवाला
अंबडवाले, यूपीएस सोडा, उपाय काय केलात? कलेक्टर सुरू व्हायच्या आधी त्याला दुसरा सिग्नल नेमून देता येतो.

अंबड_नाईटशिफ्ट
आधी तेच केलं. नंतर सिग्नलच काढला, पाइप टाकला, यूपीएसची स्क्रिप्ट त्यात एक बाइट लिहिते, मेन लूप पोलमध्ये (काही आलं का बघणारा कॉल) वाचतो. सातपूरवाले म्हणतात ते जवळपास बरोबरच आहे पण म्हणायची पद्धत बघा.

कॉलेजरोडकर
बघा, ही पण सीची गोष्ट. गोमध्ये एकाची तरी आहे का?

गोदाकाठचा_सीवाला
तुझ्या प्रोसेसला एकदा एसट्रेस (आलेले सिग्नल दाखवणारं साधन) लावून बघ. सिगअर्जचा पाऊस दिसेल. गो 1.14 पासून, म्हणजे 2020 पासून, जीसीला गोरूटीन थांबवायची असली आणि ती लूपमध्ये अडकली असली की रनटाइम तोच मारतो. ज्याला तू सीवाल्यांचं सोवळं म्हणतोस त्याच्यावर तुझा कलेक्टर चालतोय. आणि सीगोमधून (गोमध्ये सीचा कोड जोडायची सोय) एखादी लायब्ररी घेतलीस, तिने स्वतःचा हँडलर वेगळ्या स्टॅकवर चालायची खूण न करता लावला, की रनटाइम आडवा. गोरूटीनचा स्टॅक अगदी २ केबीचाही असू शकतो, त्यावर सीचा हँडलर मावायचा नाही.

कॉलेजरोडकर
मी सीगो वापरत नाही. आणि खरं सांगू का, नाशिकमध्ये बसून हे एवढं कोणाला लागतं? इथे नोकऱ्या आहेत त्या क्रडच्या, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंदी टाका-काढायच्या. ज्याला रनटाइमच्या पोटात शिरायचंय तो पुण्याला गेला.

अंबड_नाईटशिफ्ट
मी गेलो नाही. आणि मला लागलं. तीन रात्री.

कॉलेजरोडकर
...ठीक आहे, ते बोलायला नको होतं. सॉरी.

पायथॉनपंत
कॉलेजरोडकर, तुमच्या पोस्टमधला कोड आत्ता नीट पाहिला. सिग्नलचं चॅनेल बिनबफरचं आहे, म्हणजे निरोप साठवून ठेवत नाही. नोटिफाय (चॅनेलवर सिग्नल पाठवणारं गोचं फंक्शन) पाठवताना थांबत नाही, समोर घेणारा तयार नसला तर टाकून देतं. तुमची गोरूटीन तेव्हा डेटाबेसमध्ये गुंतलेली असली तर सिगटर्म हवेत. मग क्युबरनेटिस (सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारी-बंद करणारी यंत्रणा) डीफॉल्ट ३० सेकंद थांबणार आणि सिगकिल, म्हणजे थेट ठार.

कॉलेजरोडकर
गेल्या महिन्यात दोन पॉड (क्युबरनेटिसवर चालणाऱ्या सर्व्हिसच्या प्रती) बरोबर ३० सेकंदांनी मरत होते. मी नेटवर्कवाल्यांशी भांडलो होतो.

गोदाकाठचा_सीवाला
गो वेट (कोडमधल्या चुका शोधणारं गोचं साधन) चालव. तो ओरडतो याच्यावर.

कॉलेजरोडकर
चालवला. ओरडतोय. बफर १ टाकला. पोस्टमधलं "काहीही करा" काढून "चॅनेलवर घ्या आणि मेनमध्ये करा" लिहिलं. "सोवळं" ठेवतोय.

गोदाकाठचा_सीवाला
ठेव. नेटवर्कवाल्यांना फोन कर आधी.