माथेरान, मे महिना सोडून: तुमचे अनुभव लिहा

तांबडीमाती
काल माळा आवरताना ट्रंकेत माझा सहावीतला कॅनव्हासचा बूट सापडला. एकच. पांढरा म्हणायचं आपलं, तळव्यापासून घोट्यापर्यंत विटकरी आहे, पस्तीस वर्षांनंतरही. नवरा म्हणाला, टाक. मी म्हटलं, माथेरानचा आहे, आणि तिथेच फतकल मारून बसले.

माझे काका (मावशीचे यजमान) तिथे नोकरीला होते. त्यामुळे आमचं माथेरान म्हणजे घोडा, पॉइंट आणि चिक्की नव्हतं. मावशीच्या बाळंतपणाला गेलो, गणपतीला गेलो, काकांचा पाय मुरगळला तेव्हा भर जुलैत गेलो. मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी, गाड्या तिथपर्यंतच, पुढे चिखल तुडवत चालायचं. धुकं इतकं, की समोरून येणारा घोडा दिसायच्या आधी त्याच्या टापा ऐकू यायच्या. मावशीच्या घराला छपरापासून भिंतीपर्यंत निळं प्लास्टिक बांधलेलं, आत दिवसाही दिवा. मिठाचं पाणी, पापडाचं कातडं. शेगडीवर टोपली उपडी घालून बाळाची दुपटी वाळवायची, त्यामुळे सगळ्या घराला धुराचा आणि बाळाचा मिळून एक वास. बाजार निम्मा बंद, उरलेले दुकानदार पत्ते कुटत बसलेले आणि वळचणीला माकडं, आपल्यासारखीच कंटाळलेली.

मे महिन्यात तेच गाव बघितलं की मला ओळखूच यायचं नाही. तुमच्यापैकी कोणी गेलंय का असं, गर्दी नसताना? लिहा ना.

गवतीचहा
पापडाचं कातडं!! अगदी अगदी. आमच्या महाबळेश्वरच्या आत्याकडे हेच. जूनच्या आधी चार महिन्यांचं वाणसामान भरून ठेवायची. माथेरान नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही. कुकर झाला, येते परत.

घाटउतार
२००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, त्या डिसेंबरात आम्ही चौघं नेरळहून रुळांवरूनच चढलो. काही ठिकाणी खालची माती गेलेली आणि रूळ नुसते झुल्यासारखे लोंबत होते. १९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉयनी बांधून पूर्ण केलेली मिनी ट्रेनची लाइन, दोन फूट रुंदीची, ती अशी बघून पोटात कालवलं. वाटेतल्या वॉटरपाइप स्टेशनपाशी माझी छत्री दरीत गेली. (डिसेंबरात छत्री का, हे विचारू नका. आईने दिली होती.) गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. मग २०१९ ला पुन्हा तेच, तेव्हा थेट २०२२.

कर्जतलोकल
आणि त्याच लाइनवरचा तो 'वन किस' बोगदा, एका चुंबनापुरत्या अंधाराचा? आम्ही लग्नानंतर गेलो तेव्हा मधल्या बाकावर सासूबाई होत्या. संपला विषय.

गवतीचहा
😂😂

चष्मा_विसरलो
ई-रिक्षा चालू आहे का सध्या? सासूबाईंचे गुडघे. शनिवारी जायचंय.

अंजनी_फुलली
तांबडीमाती ताई, मार्चमध्ये कधी गेलात का? तिथल्या अंजनीच्या झाडांना फांदीला चिकटून निळी-जांभळी फुलं येतात, आख्खी फांदी लोकर गुंडाळल्यासारखी. लोक तिच्याखालून पॉइंट शोधत निघून जातात. मला शार्लोट तलावाकडून पिसारनाथाच्या देवळाकडे जाताना शेकरू दिसलं होतं, शेपटी झाडावरून खाली सोडून निवांत. फोटोत फक्त शेपटी आली. नंतर एप्रिल सरला की ठाकरवाड्यांतल्या बायका करवंदं-जांभळं घेऊन चढून येतात. आपण अर्ध्या तासाच्या चालीत धापा टाकतो, त्या डोक्यावर पाटी घेऊन रोज.

दस्तुरीवाला
मी तिथलाच. हसू येतं वाचून, पण बरंही वाटतं. लोकांना वाटतं सीझन संपला की आम्ही पण मिटून ठेवतो गाव. शाळा, दुखणी, भांडणं सगळं बारा महिने असतं. गाड्यांना बंदी, त्यामुळे सिलिंडरपासून विटेपर्यंत सगळं घोड्यावर नाहीतर माणसाच्या अंगावर. माझ्या आजीला रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा हातरिक्षाने दस्तुरीपर्यंत नेलं. एक पुढे ओढायला, दोघं मागून धरायला, ऑगस्टचा पाऊस आणि एक बॅटरी. आजी वाचली. पण ओढणाऱ्याच्या पायात चप्पल नव्हती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं माणसाने माणसाला ओढणं बंद करा. आमच्यात दोन तट आहेत यावर, घोडेवाल्यांचं वेगळं म्हणणं. मला विचाराल तर आजीची ती रात्र आठवते.

घाटउतार
🙏

सांजसकाळ
माझ्या बाबांना दमा होता, डॉक्टरांनी हवापालट सांगितली म्हणून जानेवारीत पंधरा दिवस राहिलो होतो. मी दहावीत, अभ्यास घेऊन. रोज पहाटे बाबा पॅनोरमा पॉइंटला जायचे उजाडताना बघायला, मी नाही गेले, थंडी वाजायची. एकदाही नाही गेले. आता बाबा नाहीत. मागच्या वर्षी एकटीच गेले आणि तिथे कोणीच नव्हतं, एक कुत्रा फक्त.

तांबडीमाती
सांजसकाळ, 🫂 काय लिहू कळत नाही.

कर्जतलोकल
सांजसकाळ ❤️
विषय बदलतो. माकडाने कोणाकोणाचं काय नेलंय? माझं दहीपुरीचं ताट, चमच्यासकट.

गवतीचहा
आले परत. आमच्या ह्यांची कवळी. पॉइंटवर खिशात ठेवली होती रुमालात गुंडाळून. पुढे आठवडाभर मऊ भात.

अंजनी_फुलली
कवळी 🤣🤣 त्या माकडाने घालून बघितली असेल.

लोणचंफोडी
बुटाचा डाग: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा, रात्रभर ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. माझ्या मुलाच्या युनिफॉर्मचा गेला होता. लिंबाने अजिबात नाही जात.

तांबडीमाती
अहो ताई, काढायचा नाहीये डाग!! तोच तर ठेवायचाय.

लोणचंफोडी
अच्छा अच्छा. मी वरचं वाचलं नव्हतं, भाजी निवडत होते.

दस्तुरीवाला
तो जांभ्याचा रंग, सोड्याने जाणार नाही. आमच्याकडे पांढरा शर्ट लग्नालाच.

घाटउतार
बूट कुठल्या पायाचा आहे?

तांबडीमाती
डावा.

घाटउतार
मग उजवा वॉटरपाइपच्या खाली दरीत बघा. माझी छत्री दिसली तर आणा.

चष्मा_विसरलो
ई-रिक्षाचं कोणी सांगेल का?