लॅपटॉप सुरू होताच हार्ड डिस्कचा पासवर्ड मागते, काय करू?

दर्यापूरचा_पोट्टा:
राम राम मंडळी. आमच्या काकाचं खेड्यावर कृषी केंद्र हाये. पावसाळ्यात काकाले लकवा मारला. आता थोडंथोडं बोलणं येते, पण लॅपटॉपचा पासवर्ड काही केल्या आठवत नाही. विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर कुलपाचं चित्र अन् पासवर्डची चौकट येते. यंदाची बियाण्या-खताची सारी उधारी त्यातच. कापूस विकला की लोक पैसे आणून देतात, तवा कोणाकडं किती हे तं माहीत पाहिजे ना! तालुक्यातला एक दुरुस्तीवाला म्हणते, लॅपटॉपच्या आतला छोटा सेल काढून ठेवतो, पासवर्ड उडून जाईन, पंधराशे लागतीन. देऊ का?

मूर्तिजापूर_लोकल:
सेल कायले? डिस्क काढ अन् दुसऱ्या लॅपटॉपले लाव. काम खतम.

कारंज्याचा_मिस्त्री:
पंधराशे देऊ नको भाऊ. अन् वरच्या भाऊचंही ऐकू नको.
सेल काढल्यानं जुन्या लॅपटॉपचा बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा) पासवर्ड कधीकधी जाते. पण तुझा हा हार्ड डिस्कचा पासवर्ड डिस्कच्या आत असते. दुसऱ्या लॅपटॉपले लावली तरी डिस्क कुलूपबंदच. खालचं हिरवं सर्किट बदलूनही भागत नाही, फॉरमॅटही होत नाही.
डिस्कले दोन पासवर्ड असतात, यूजर अन् मास्टर. सुरक्षा 'हाय' वर असन तं मास्टरनं कुलूप उघडते, माहिती शाबूत राहते. 'मॅक्सिमम' वर असन तं मास्टरनं फक्त पुसता येते. म्हणून कोणी 'सिक्युरिटी इरेज मारून देतो' म्हणलं तं हात लावू देऊ नको. लॅपटॉप सुरू होईन, उधारी जाईन. डेटा रिकव्हरीच्या मोठ्या लॅबवाले काही जुन्या फिरत्या डिस्का उघडतात, पण खर्च आधी विचारून घे.
पाच वेळा चुकलं की डिस्क ऐकणं बंद करते. लॅपटॉप पुरा बंद करून सुरू केला की पुन्हा घेते. चुकल्यानं काही पुसल्या जात नाही, घाबरू नको. तिथं मराठी टायपिंग नसते. कॅप्स लॉक, नम लॉक पाहून घे. गाडीचा नंबर, दुकानाच्या लायसन्सचा नंबर, शेताचा गट नंबर टाकून पाहा. कीटकनाशक कंपनीच्या डायरीचं पहिलं पान अन् कालनिर्णयची मागची बाजूही चाळ. माझ्या एका गिऱ्हाइकाचा पासवर्ड वजनकाट्याच्या बुडाशी चिकटवलेला निघाला.

दारव्ह्याची_ताई:
दादा, मी पण कृषी केंद्र चालवते. पासवर्ड सापडेल तेव्हा सापडेल, तोवर बिल बुकं काढा. बियाण्याच्या बिलाची कार्बन प्रत आपल्याकडे राहते, त्यावर शेतकऱ्याचं नाव, लॉट नंबर, सही असते. आमच्याकडे उधारीचं बिल असलं की वर 'क्रेडिट' लिहितो, तुमच्याकडेही लिहीत असतील. युरिया, डीएपी तर आधार लावून पॉस मशीनवरच विकतो, म्हणजे कोणी किती पोती नेली ते तिथे निघेल. पैसे दिले की नाही ते मात्र मशीनला माहीत नसतं. जीएसटी रिटर्नच्या मागे लागू नका, त्यात किरकोळ गिऱ्हाइकाचं नावच येत नाही, सगळी बेरीज एकत्र जाते. आणि नगदी जमा कोणत्या वहीत लिहायचे, ते काकूंना विचारा. घरातल्या बाईला दुकानाचं बरंच माहीत असतं, कोणी विचारत नाही एवढंच.

दर्यापूरचा_पोट्टा:
ताई, बिल बुकं पोत्यात भरून माडीवर हायेत, उद्याच उतरवतो. काकू म्हणते नंबर कायले पाहता, काका सगळीकडं 'जय गजानन' च लावते. स्पेलिंग बदलून बदलून टाकलं, नाही उघडलं. काकाले विचारलं तं हात हालवते अन् रडाले लागते.

कारंज्याचा_मिस्त्री:
तोंडानं विचारूच नको मग. डावा हात चालते का? लॅपटॉप त्याच्या समोर ठेव, चौकट आली की तू बाजूले हो. रोजचा पासवर्ड असन तं बोटं आपोआप जातात. नाही जमलं तं लॅपटॉपचं मॉडेल इथं लिही. डिस्क फिरती हाये का एसएसडी (न फिरणारी, चिपवाली), हेही सांग.