लेहचा पहिला दिवस

ग्रुप टूरवाले लेहचा पहिला दिवस हॉटेलात बसवून फुकट घालवतात, असं एकांनी लिहिलंय. मी स्वतः गट घेऊन जातो, म्हणून सांगावंसं वाटलं. लेह साधारण 3500 मीटरवर आहे. विमानाने गेलात तर शरीराला ही उंची काही तासांतच सोसावी लागते. उतरल्यावर माणूस ठणठणीत दिसतो. डोकेदुखी, मळमळ बऱ्याचदा रात्री सुरू होते. म्हणूनच पहिला दिवस विश्रांतीचा ठेवतात.

ज्येष्ठ मंडळी असतील तर मला श्रीनगर-कारगिल रस्ताच आवडतो. कारगिल 2700 मीटरच्या आसपास आहे, तिथे मुक्काम केला की चढ टप्प्याटप्प्याने होतो. दिवस वाढतात, पण वाटेत लामायुरू आणि आल्चीचे बौद्ध मठ बघायला मिळतात. आल्चीची जुनी भित्तिचित्रं घाईत बघण्यासारखी नाहीतच!

पँगाँग तलाव 4200 मीटरच्या वर, म्हणून तो मी शेवटाकडे ठेवतो. ते निळं पाणी दिसताच गाडीतल्या काकू-मावश्या एकमेकींना ज्या आनंदाने हाका मारतात, त्यासाठीच मी हे काम करतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, तर बुकिंगआधी डॉक्टरांना जरूर विचारा. तिथे डोकं दुखू लागलं तर टूर लीडरपासून लपवू नका. त्रास वाढला तर वेळेत खाली उतरवावंच लागतं.