बदनाम वस्तीचं नाव वाजवण्यानं सुधरते का?

पांदणरस्ता:
राजेहो, एक विचारायचं होतं. आमचं तालुक्याचं गाव, यवतमाळ जिल्हा, नाल्यापलीकडं आमची वस्ती. हातभट्ट्या दोन-चार घरी, पण नाव साऱ्या वस्तीचं खराब. पत्ता सांगितला की सोयरीक मोडते, ऑटोवाला नाल्यापाशीच उतरवून देते. आता याच वस्तीतले पोरं साऱ्या तालुक्यात लग्नाले वाजवतात, डफडं म्हणा, धुमाल म्हणा, लोकं नाचून नाचून थकतात. पोरं म्हणून राह्यले की वस्तीच्या नावानंच पथक काढू अन् लहान लेकरांना संध्याकाळी फुकट शिकवू. म्हातारे म्हणतात वाजवून कोणाचं भलं झालं. कुठं खरंच असं झालं असन तर सांगा, रविवारी बैठकीत मांडायचं आहे.

वर्धेवाला:
भाऊ, झालं आहे ना. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात पेलोरिन्यो म्हणून मोहल्ला आहे. आधी श्रीमंतांचे वाडे होते, ते लोक निघून गेले, वाडे पडायला आले आणि त्यात गरीब, बहुतेक काळी कुटुंबं राहू लागली, बाकी शहर तिकडं पाय ठेवायला भ्यायचं. १९७९ मध्ये तिथल्याच लोकांनी कार्निव्हलसाठी ओलोदुम नावाचं पथक काढलं. नेगिन्यो दो सांबा या वादकानं ब्राझीलच्या सांबा संगीतात जमैकाचं रेगे संगीत मिसळून नवाच ठेका बसवला, खाली मोठे ढोल दमदार चालीत आणि वर छोटे ढोल कडकड वाजणारे, सगळे हिरव्या, लाल, पिवळ्या, काळ्या रंगात रंगवलेले. १९९० मध्ये पॉल सायमन या अमेरिकन गायकाच्या रेकॉर्डवर हेच ढोल वाजले, १९९६ मध्ये मायकल जॅक्सन शूटिंगला थेट त्या मोहल्ल्यात आला. पण मला मोठी गोष्ट ही वाटते की ते नुसतं वाजवत नव्हते, गाण्यांमधून आफ्रिकेचा, काळ्या लोकांचा इतिहास सांगत होते. आपल्याकडं भीमगीतांनी वस्त्या-वस्त्यांत माणसाला मान वर करून चालायला शिकवलं, तसंच. तुमचे पोरं काय गातील हे आधी ठरवा, डीजेची गाणी डफड्यावर वाजवून नाव बदलणार नाही.

कापूसवेचणी:
दादा, पोरींना पण घ्या बरं का. त्याच नेगिन्योनं १९९३ मध्ये तिथंच दिदा नावाचं फक्त बायकांचं पथक उभं केलं. पोरगी कमरेला ढोल बांधून रस्त्यानं निघाली की वस्तीकडं बघायची नजर लवकर बदलते.

लाइनीपलीकडचा:
वरचं सगळं खरं, पण पुढचं पण मांडा बैठकीत. १९८५ मध्ये पेलोरिन्यो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. १९९२ पासून तिथल्या राज्य सरकारनं वाडे दुरुस्त करायला घेतले, रंगरंगोटी झाली, हॉटेलं-दुकानं आली आणि हजारो रहिवाशांना थोडीशी भरपाई देऊन बाहेर काढलं. ढोल राहिले, ज्यांच्या दारात ते वाजायचे ती बहुतेक घरं गेली. यात ढोलाचा दोष नाही. वस्तीचं नाव चांगलं झालं की जागेचा भाव वाढतो आणि ज्याच्या हातात कागद नाही तो पहिला उठतो. धारावीतल्या पोरांनी रॅप करून केवढं नाव कमावलं, तरी पुनर्विकासात तिथंच फुकट घर पाहिजे तर १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा लागतो, आणि तोही तळमजल्यावरच्या घराला. म्हणून पथकाच्या सोबतच घराघरातून टॅक्स पावत्या, जुनी लाइट बिलं गोळा करा, जागेच्या पट्ट्यासाठी अर्ज टाका. हे मी मनापासून सांगतो, आधी कागद, मग नाव.

पांदणरस्ता:
लय उपकार झाले सगळ्यांचे. पोरांना वाचून दाखवलं, ते तर आजच ढोल रंगवायला निघाले होते. ताई, चार पोरी तयार आहेत, सरावाची वेळ दिवस मावळायच्या आधीची ठेवतो. म्हाताऱ्यांना पट्ट्याचं एकदम पटलं, जुन्या पावत्या त्यांच्याच पेट्यांत आहेत. आता एकच अडून राह्यलं, लग्नाची सुपारी पथकाच्या नावानं घेतली तर पैसा वाजवणाऱ्याले किती अन् शिकवण्याच्या खर्चाले किती ठेवावा? कोणी पथक चालवत असन तर लिहा, भांडण लागण्याच्या आधी ठरवून टाकतो.