पुनर्जन्म, पुनरुज्जीवन की पुनरुत्थान?

आळशी बोका: ईस्टरच्या एका बातमीत 'येशूचा पुनर्जन्म' असं छापलंय. वसईच्या मित्राला पाठवली तर तो भडकलाच, म्हणे पुनरुत्थान म्हण. पण फरक काय नक्की?

पास्काचा पाहुणा: बोकोबा, फरक मोठा आहे. पुनर्जन्म म्हणजे नवा देह, नवे आईबाप. इथे तोच माणूस, खिळ्यांच्या खुणांसकट. पुनरुज्जीवन म्हणायचं तर लाजराचं म्हणा, चार दिवस थडग्यात होता, येशूने हाक मारली आणि बाहेर आला, पण तो पुढे कधीतरी परत मेलाच असणार ना, येशूचं तसं नाही, तो पुन्हा मरत नाही अशी श्रद्धा आहे. मूळ ग्रीक शब्द अनास्तासिस, म्हणजे सरळ उठून उभं राहणं, त्यातला 'स्ता' आणि आपल्या उत्थानातला 'स्था' एकाच मुळातले. कार्तिकीला देव उठतो म्हणतो तेव्हा जन्मला म्हणतो का आपण?

चिकित्सक काकू: शब्द पटला हो, पण त्याच्या शिष्यांना तरी कुठे पटलं होतं? तो संशयी शिष्य थोमा आहेच की, जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा.

पास्काचा पाहुणा: काकू, थोमा बिचारा फुकट बदनाम झालाय. बायका रिकामं थडगं बघून आल्या तेव्हा बाकीच्यांना ती बडबड वाटली, हे लूकच सांगतो (लूक, योहान, मत्तय ही बायबलातली येशूची चरित्रं). इतरांना जे आधीच बघायला मिळालं होतं तेवढंच थोमाने मागितलं. बोट घातलं असंही योहानात कुठे लिहिलेलं नाही, ते कारावाज्जोच्या चित्रामुळे डोक्यात बसलंय. आणि त्या प्रसंगात संशयाचा शब्दच नाही, आहे तो अपिस्तोस, म्हणजे विश्वास नसलेला. संशयाचा शब्द मत्तयाच्या शेवटी येतो, गालीलातल्या डोंगरावर येशू समोर उभा आहे, शिष्य नमन करतायत, तरी काहींचं मन डळमळतं. तिथे दिस्ताझो, त्यात 'दोन' दडलाय, आपलं दुग्ध्यात पडणं अगदी फिट बसतं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, हा शब्द अजून एकदाच येतो, शिष्य पेत्र पाण्यावर चालता चालता बुडायला लागतो तिथे. म्हणजे पाया पडणाराही दुग्ध्यात असू शकतो, हे मत्तयाने लपवलं नाही, मला तरी ते फार प्रामाणिक वाटतं.

आळशी बोका: गंमत म्हणजे 'संशय' मध्ये शी धातू आहे, पडून राहणं. उत्थानाच्या बरोबर उलट!

चिकित्सक काकू: व्युत्पत्तीवर धर्मशास्त्र उभारू नका 😀 पेपरवाल्यांना कळवलंत का?

आळशी बोका: कळवलं. आता 'पुनर्जीवन' केलंय.